क्लचवरचा पाय : डेटोना ५००, १९७६ – एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

१५ फेब्रुवारी १९७६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डेटोना बीच येथे पाचशे मैलांची एक मोटार शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या गाडीने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तिचा वेग ताशी वीस ते तीस मैलांच्या आसपास होता. आपल्याकडे मोकळ्या रस्त्यावर रिक्षासुद्धा याहून जोरात जाते. गाडीचे नाक चेचलेले होते, पत्रा लोंबत होता आणि इंजिन कसेबसे धुगधुगत होते. काही सेकंदांपूर्वीपर्यंत ताशी १८० मैलांच्या घरात तिच्या अंगाला अंग लावून धावणारी दुसरी गाडी त्याच रेषेपासून शंभर यार्डांच्या आत, आतल्या बाजूच्या गवतावर बंद पडून उभी होती.

ही हकिकत बहुधा अपघात आणि नशीब या दोन शब्दांत सांगितली जाते. प्रस्तुत अभ्यासाचा रोख वेगळा आहे. शेवटच्या फेरीत दोन चालक आणि त्यांचे दोन चमू यांनी एकामागून एक काही निर्णय घेतले. त्यांतील काही फार विचार करून घेतलेले होते, तर काही विचाराला वेळच नसताना घेतलेले. निकाल ज्याने ठरवला तो निर्णय दुसऱ्या प्रकारातला होता आणि तो एका माणसाच्या डाव्या पायाने घेतला. प्रकरण अभ्यासात एरवी नावे बदलण्याचा प्रघात आहे. परंतु येथे सारे काही भरगच्च प्रेक्षागारासमोर आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे घडलेले असल्याने तसे करण्यात अर्थ नव्हता.

पार्श्वभूमी

ही शर्यत स्टॉक कारची होती. स्टॉक कार म्हणजे बाहेरून पाहता दुकानात मिळणाऱ्या मोटारीसारखी दिसणारी, आतून मात्र शर्यतीसाठी नव्याने बांधलेली गाडी. फॉर्म्युला वनच्या गाड्यांची चाके उघडी असतात, तशी तिची नसतात. त्यामुळे दोन गाड्या एकमेकींना घासल्या तरी शर्यत चालू राहू शकते आणि चालकही या घासाघाशीला फारसे बिचकत नाहीत. या प्रकरणात ही सवय महत्त्वाची ठरते.

डेटोनाचा मार्ग १९५९ मध्ये खुला झाला. एक फेरी अडीच मैलांची आणि फेऱ्या दोनशे. वळणांवर रस्ता तब्बल ३१ अंशांनी कललेला आहे. पायी चढायचे म्हटले तर माणसाला हात टेकावे लागतील इतका. चारही वळणे अशी कलती असल्यामुळे गाडी तेथे वेग फारसा कमी न करता फिरते. मागची सरळ वाट सुमारे ३,००० फुटांची आहे. पुढची बाजू मात्र सरळ नसून मधोमध बाहेर फुगलेली आहे आणि त्या फुगवट्यातच अंतिम रेषा आहे. चौथ्या वळणातून बाहेर पडल्यावर रेषेपर्यंत साधारण १,९०० फूट उरतात. ताशी १८० मैलांच्या वेगाने हे अंतर सात सेकंदांत संपते. पुढील सर्व निर्णय या सात सेकंदांना धरून पाहावे लागतात.

डेटोनावर सर्वांत मोठा शत्रू वारा. पुढची गाडी वारा कापते आणि मागची तिच्या आडोशाने कमी कष्टात तितकीच जोरात धावते. हायवेवर ट्रकच्या मागे सायकल धरणाऱ्या पोराला हे शास्त्र पुस्तकाशिवाय कळलेले असते. मागच्या चालकाकडे त्यामुळे थोडी ताकद शिल्लक राहते. योग्य क्षणी तो आडोशातून बाहेर सुटतो आणि साठवलेल्या वेगाने पुढच्याला मागे टाकतो. तिकडे या डावाला स्लिंगशॉट म्हणतात, म्हणजे आपली गोफणच. गोफणीचा नियमही याला लागू पडतो, कारण दगड एकदा सुटला की परत बोलावता येत नाही.

१९७६ च्या शर्यतीत शेवटी दोनच गाड्या खऱ्या अर्थाने उरल्या होत्या. एक, ४३ क्रमांकाची डॉज, जिचा चालक रिचर्ड पेटी होता. उत्तर कॅरोलायनातील लेव्हल क्रॉस या खेड्यातल्या मोटारशर्यतीच्या घराण्यात वाढलेला पेटी 'किंग' म्हणून ओळखला जाई. डेटोना ५०० त्याने तोवर पाच वेळा जिंकली होती. दुसरी, वूड बंधूंच्या चमूची २१ क्रमांकाची मर्क्युरी आणि तिच्यात दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्गचा डेव्हिड पिअरसन. याला 'सिल्व्हर फॉक्स' म्हणत. स्टॉक कार शर्यतींच्या मोसमाचे अजिंक्यपद तीन वेळा मिळवूनही डेटोना ५०० ने त्याला हुलकावणीच दिली होती. त्याच्या गाडीत सिगारेट पेटवण्याचा चालू स्थितीतील लायटर असे ही गोष्ट त्या वर्तुळात आवर्जून सांगितली जाते. ती येथे नोंदवण्याचे कारण इतकेच की, इतर जेथे घामाघूम होत तेथे हा माणूस किती थंड डोक्याने बसलेला असे याची त्यावरून कल्पना येते. व्हर्जिनियातील स्टुअर्ट गावचे वूड बंधू पिटमधील, म्हणजे शर्यतीदरम्यान इंधन भरायला व टायर बदलायला गाडी थांबते त्या जागेतील, कामाच्या शिस्तीबद्दल नावाजलेले होते. १९६५ मध्ये इंडियानापोलिस ५०० शर्यतीत जिम क्लार्कच्या गाडीच्या पिटकामासाठी त्यांनाच बोलावण्यात आले होते, आणि क्लार्क ती शर्यत जिंकलाही.

या दोघांच्या मागील दोन गाठीभेटी ध्यानात घेतल्याशिवाय १९७६ ची शेवटची फेरी समजत नाही. १९७४ च्या जुलैमध्ये याच मार्गावरील फायरक्रॅकर ४०० शर्यतीत शेवटच्या फेरीला पिअरसन पुढे होता आणि पेटी अगदी पाठीशी. आपण पुढे राहिलो तर गोफण आपल्यावरच सुटणार हे पिअरसनला ठाऊक होते. त्याने एकाएकी पाय उचलला आणि इंजिन गेल्यासारखी गाडी हळू केली. पेटीला बगल देऊन पुढे जावेच लागले. मग पिअरसनने त्याचा पाठलाग करून शेवटच्या टप्प्यात त्याला गाठले व शर्यत जिंकली. हा डाव धोक्याचा होता असे पेटीचे म्हणणे पडले आणि त्याने आपली नाराजी लपवली नाही. दुसरी गाठ १९७५ च्या डेटोना ५०० मधली. पिअरसन आघाडीवर होता. कित्येक फेऱ्या मागे पडलेल्या पेटीने दुसऱ्या क्रमांकावरील बेनी पार्सन्सला आपल्या आडोशाने ओढत पुढे आणायला सुरुवात केली, आणि तीन फेऱ्या उरल्या असताना मागच्या सरळ वाटेवर केल यारबरोच्या गाडीशी गुंता होऊन पिअरसनची गाडी गरगरली. पार्सन्स जिंकला. पिअरसनच्या पदरी तेव्हा काय आले असेल ते वेगळे सांगायला नको.

  

पेच

शेवटच्या बारा-तेरा फेऱ्या पेटी पुढे होता आणि पिअरसन त्याच्या मागे. कोणत्याही अन्य मार्गावर ही पेटीच्या दृष्टीने सुखाची स्थिती ठरली असती. डेटोनावर मात्र शेवटच्या फेरीला पुढे असणे हे मालकी हक्कापेक्षा कर्जासारखे असते. ते केव्हा वसूल करायचे हे मागचा माणूस ठरवतो.

मागच्याची स्थितीही दिसते तितकी सोपी नसते. गोफण लवकर सोडली तर पुढे गेलेला स्वतःच आडोसा देणारा बनतो आणि प्रतिस्पर्ध्याला उलट गोफण सोडायला वाव मिळतो. उशिरा सोडली तर रेषा आधी येते. प्रश्न असा होता की पिअरसनने नेमके कोठे सुटायचे, आणि तो सुटल्यावर पेटीकडे उत्तर द्यायला जागा उरते की नाही.

विचारात घेता येण्याजोगे पर्याय

पेटीपुढे तीन वाटा होत्या. पहिली, १९७४ चा पिअरसनचाच डाव त्याच्यावर उलटवणे, म्हणजे मुद्दाम वेग कमी करून त्याला पुढे जायला भाग पाडणे. जो डाव आपण जाहीरपणे धोकादायक ठरवला तो स्वतः खेळणे पेटीला अवघड गेले असते. शिवाय ज्याने तो शोधला त्याला त्याच डावाने फसवणे तर आणखी कठीण. दुसरी वाट मार्ग अडवण्याची, म्हणजे गाडी डावी-उजवीकडे हलवून पिअरसनला बगल मिळू न देण्याची. वेगातील फरक मोठा असला की हा उपाय स्वतःच्याच मुळावर येतो. तिसरी वाट म्हणजे पिअरसनला जाऊ द्यायचे, त्याच्या आडोशाचा फायदा घ्यायचा आणि वळणात खालच्या बाजूने परत वर यायचे. पेटीने प्रत्यक्षात हीच वाट धरली. त्या परिस्थितीत ती सर्वांत शहाणपणाची होती असे माझे मत आहे, निकाल विरुद्ध लागला असला तरीही.

पिअरसनपुढे दोनच वाटा होत्या. एक, मागच्या सरळ वाटेवर सुटायचे आणि तिसऱ्या वळणात आघाडी घेऊन शिरायचे. दुसरी, चौथे वळण संपेपर्यंत थांबून रेषेआधीच्या १,९०० फुटांत सुटायचे. १९७४ मध्ये त्याने दुसरा प्रकार यशस्वी करून दाखवला होता. या वेळी त्याने पहिला निवडला. कारण त्याने काय मानले असेल याचा अंदाजच करता येतो. सात सेकंदांच्या टप्प्यात चूक झाली तर दुसरी संधी नसते. उलट मागच्या सरळ वाटेवर प्रयत्न फसला तरी एक अख्खे दुहेरी वळण हाताशी असते. पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की तेच दुहेरी वळण पेटीच्याही हाताशी राहणार होते.

शेवटची फेरी

मागच्या सरळ वाटेवर पिअरसन आडोशातून बाहेर पडला आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी पेटीच्या पुढे गेला. गोफण बरोबर सुटली होती. मात्र त्या जादा वेगासह वळणात शिरल्यावर त्याची गाडी किंचित वर, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे, सरकली. खाली एक गल्ली मोकळी झाली. पेटीने ती तत्काळ घेतली. चौथ्या वळणातून बाहेर पडताना दोन्ही गाड्या जवळजवळ शेजारी शेजारी होत्या. पेटी आत, पिअरसन बाहेर, आणि पेटीची गाडी थोडी पुढे.

येथे पहिला खरा निर्णयबिंदू येतो. कलत्या वळणातून बाहेर पडणारी गाडी आपोआप बाहेरच्या बाजूला ओढली जाते. तिला आतच धरून ठेवायचे तर सुकाणूचा ताण वाढतो आणि वेग थोडा मरतो. मोकळी सोडली तर वेग टिकतो, पण शेजारच्याची जागा खाल्ली जाते. पेटीने गाडी वर येऊ दिली. आपण पिअरसनला पूर्णपणे ओलांडले आहे असा त्याचा हिशेब असावा. तो काही फुटांनी चुकला. त्याच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याने पिअरसनच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा घासला.

पिअरसनची गाडी तिरपी होऊन लगेच बाहेरच्या भिंतीवर आदळली. पेटीची गाडी मात्र लगेच आदळली नाही. तिची शेपटी एकीकडून दुसरीकडे फेकली जात राहिली आणि पेटी तिला सावरत राहिला. क्षणभर वाटावे की हा सावरून सरळ रेषेकडे निघून जाईल. मग तीही उजवीकडे वळून भिंतीवर गेली, गरगरली आणि उतारावरून घसरत आतल्या गवतावर येऊन थांबली. रेषा समोर दिसत होती. इंजिन बंद होते.

इकडे पिअरसनची गाडी फिरत फिरत खाली, पिटमार्गाच्या तोंडाकडे आली आणि तेथे जो फ्रॅसन नावाच्या चालकाच्या गाडीला धडकली. तिचे नाक आता ओळखू येण्यासारखे राहिले नव्हते. इंजिन मात्र चालू होते.

डावा पाय

मोटार चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक शिव्यांचा प्रसाद मिळतो. समोर काही आले की शिकाऊ माणूस घाबरून नुसता ब्रेक दाबतो, क्लच विसरतो, आणि गाडी झटका खाऊन जागीच बंद पडते. मागून हॉर्नांचा कल्लोळ सुरू होतो आणि शेजारी बसलेला शिकवणारा कपाळाला हात लावतो. कारण साधे आहे. गिअरमध्ये असलेल्या गाडीचे इंजिन चाकांना बांधलेले असते; चाके अडली की इंजिनही अडते. क्लच दाबला की ही गाठ सुटते आणि चाकांचे काहीही झाले तरी इंजिन आपले फिरत राहते.

गाडी गरगरत असताना चाके कधी अडतात, कधी उलटी फिरतात, कधी आडवी घसरतात. गिअर गुंतलेला असेल तर इंजिन बंद पडणे जवळजवळ ठरलेलेच. पिअरसनने भिंतीला धडकल्यानंतर, गाडी फिरत असतानाच, क्लच दाबून धरला आणि इंजिनाचे फेरे पडू दिले नाहीत. समोरची काच कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही ज्या क्षणी सांगता येऊ नये, त्या क्षणी त्याने ही एक गोष्ट केली. सारी शर्यत या एका हालचालीवर फिरली.

मग पेटीने ती का केली नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो बहुधा अन्यायाने विचारला जातो. दोघांच्या अपघातांचा क्रम पाहिला तर मला एक गोष्ट निर्णायक वाटते. पिअरसनचे सर्व काही आधी बिघडले. भिंतीला धडकल्याबरोबर त्याच्या लेखी गाडी सावरण्याचा प्रश्न संपला होता. हातांना करण्यासारखे काही उरले नव्हते आणि म्हणून पायाला सुचायला जागा होती. पेटी मात्र अजून जिंकत होता. शेपूट हलत असली तरी गाडी रेषेकडेच चालली होती, आणि अशा वेळी क्लच दाबणे म्हणजे इंजिनाचा जोर स्वतःहून सोडून देणे. गाडी सरळ करायला त्याला तो जोर हवा होता. तो शेवटपर्यंत सावरत राहिला, त्याने सोडून दिले नाही, आणि जेव्हा सावरणे अशक्य झाले तेव्हा फार थोडा वेळ उरला होता. हा माझा तर्क आहे. परंतु घडलेल्या क्रमाशी तो जुळतो. एकाचा पराभव आधी निश्चित झाल्यासारखा वाटला, म्हणून त्याला पुढचा विचार करायला अर्धा सेकंद अधिक मिळाला.

रेषेपर्यंतचे अंतर

यापुढचा निर्णय माहितीवर अवलंबून होता. धुरातून आणि चेचलेल्या बॉनेटवरून पिअरसनला पेटी दिसत नव्हता. त्याने रेडिओवरून आपल्या चमूला रिचर्ड कोठे आहे हे विचारले. तो थांबलेला आहे असे उत्तर मिळाले. तेवढे पुरेसे होते. पिअरसनने गिअर टाकला आणि गाडी हलवली.

या टप्प्यावर त्याने जे केले नाही तेही पाहण्यासारखे आहे. त्याने गाडी जोरात दामटण्याचा प्रयत्न केला नाही. वाकलेला पत्रा चाकाला घासत असताना जास्त जोर लावणे म्हणजे टायर फाडून घेणे किंवा उरलेसुरले इंजिन गमावणे. प्रतिस्पर्धी उभा आहे हे कळल्यावर वेगाचे मोल शून्य झाले होते. गाडी चालती राहणे एवढेच काम उरले होते. म्हणून ती गवताच्या कडेने, नांगरासारखे नाक खाली घालून, रांगत रांगत रेषेकडे निघाली. रेडिओ नसता तर पिअरसन याच धिमेपणाने गेला असता का, हे सांगता येत नाही. पेटीची गाडी मागून येते आहे अशी धास्ती असती, तर बहुधा नाही.

पेटीचा चमू

दरम्यान पेटी स्टार्टर फिरवत होता आणि इंजिन घेत नव्हते. त्याच्या चमूतील माणसे धावत गवतावर आली आणि त्यांनी गाडीला धक्का दिला. शेवटच्या फेरीत बाहेरून अशी मदत घेण्यास नियमांची मनाई होती, हे त्यांना माहीत नसेल असे मानणे कठीण आहे. ती फेरी पेटीच्या नावावर धरली गेली नाही. तरीही दुसरा क्रमांक त्याचाच राहिला, कारण त्यांच्यापाठोपाठ तिसऱ्या आलेल्या बेनी पार्सन्सची गाडीही पूर्ण फेरीभर मागे होती.

नियमाच्या कसोटीवर हा निर्णय निरुपयोगी होता. ज्या क्षणी हात गाडीला लागला त्या क्षणी जिंकण्याची उरलीसुरली कायदेशीर शक्यताही संपली. परंतु शंभर यार्डांवर रेषा आणि पलीकडून रांगत येणारी प्रतिस्पर्ध्याची गाडी, असे दृश्य समोर असताना हात बांधून उभे राहणारा चमू मला तरी कल्पनेत आणता येत नाही. नियमाचे पुस्तक अशा वेळी आठवायचे असेल तर ते आधीच ठरवून ठेवावे लागते. ऐन वेळी पाय धावतात.

निष्पत्ती

डेव्हिड पिअरसन विजयी घोषित झाला. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील डेटोना ५०० चे हे एकमेव जेतेपद. त्या मोसमात त्याने एकूण दहा शर्यती जिंकल्या आणि त्यांत डेटोना ५०० सोबत शार्लटची वर्ल्ड ६०० व डार्लिंग्टनची सदर्न ५०० याही होत्या. अजिंक्यपद मात्र केल यारबरोला मिळाले. वूड बंधूंची गाडी मोसमातील सगळ्या शर्यतींत उतरतच नसे, त्यामुळे गुणांच्या शर्यतीत पिअरसन मुळात नव्हताच.

अपघातात दोघांनाही गंभीर इजा झाली नाही. इतक्या वेगाने भिंतीवर जाऊन दोन माणसे आपल्या पायांनी गाडीतून उतरली, याकडे निकालाच्या चर्चेत नेहमी दुर्लक्ष होते. शर्यतीनंतर चमूंमध्ये वातावरण तापलेले होते. पेटीने स्वतः पुढे होऊन चूक आपली असल्याचे मान्य केले आणि तेथे विषय संपला. पिअरसन आणि पेटी पहिल्या दोन क्रमांकांवर आल्याच्या शर्यती त्यांच्या कारकिर्दीत एकूण ६३ झाल्या. त्यांतील ३३ पिअरसनने आणि ३० पेटीने जिंकल्या. हे आकडे पाहिले की त्या दिवशी दोघांपैकी कोणीच वैर का धरले नाही हे थोडे कळते. ज्याच्याशी एवढ्या वेळा गाठ पडायची आहे त्याच्याशी भांडण परवडत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा पिअरसनच्या गोफणीचा. त्याने मागच्या सरळ वाटेवर पुढे जाणे आणि मग वळणात वर सरकणे या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. ज्या जादा वेगाने तो पुढे गेला त्याच वेगाने त्याला बाहेर ओढले. त्याने आत शिरताना किंचित पाय उचलला असता तर गाडी खालीच राहिली असती आणि पेटीला गल्ली मिळाली नसती. मात्र मग पेटी वरच्या बाजूने आला नसता याची खात्री कोण देणार? डेटोनावर दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करता येत नाहीत. चौथ्या वळणानंतर सुटण्याचा पर्याय मला आजही अधिक पक्का वाटतो, कारण १९७४ मध्ये तो याच माणसाने, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, याच ठिकाणी वापरून दाखवला होता. पण पेटीही तो विसरला नसणार.

दुसरा मुद्दा पेटीच्या वर येण्याचा. येथे पर्याय स्पष्ट होता. आणखी एक-दोन सेकंद खालीच राहणे. त्यात थोडा वेग गेला असता, कदाचित दोन्ही गाड्या रेषेपर्यंत शेजारी शेजारी आल्या असत्या आणि निकाल हातभराच्या अंतराने लागला असता, कोणत्याही बाजूने. शेजारच्या गाडीचा पुढचा कोपरा आपल्या मागच्या कोपऱ्याच्या पलीकडे गेला आहे की नाही हे चालकाला दिसत नाही. आजच्या चालकांना प्रेक्षागाराच्या छतावरचे निरीक्षक रेडिओवरून ते सतत सांगत असतात. पेटीला मात्र ते अंदाजानेच ठरवावे लागले.

तिसरा मुद्दा थोडा कारागिरीचा आहे. आपल्याकडे जुन्या गाड्या चालवणाऱ्यांना एक युक्ती माहीत असते. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली आणि इंजिन घेत नसले की पहिल्या गिअरमध्ये टाकून सेल्फ मारायचा. बॅटरीच्या जोरावर गाडी हिसके देत चार-दहा फूट सरकते आणि रूळ तर सुटतात. पेटीच्या गाडीची त्या धडकेनंतर काय अवस्था होती ते पाहता शंभर यार्ड या मार्गाने सरकणे शक्य झाले असते असे मी म्हणणार नाही. शर्यतीच्या इंजिनाला फिरवायला लागणारा जोर, गवताची पकड, मोडलेली चाके, सगळेच विरुद्ध होते. परंतु बाहेरची मदत न घेता उरलेला तो एकच मार्ग होता, आणि धक्का देणाऱ्यांनी तोही बंद केला.

चौथा मुद्दा नियमांचा. तेव्हा अपघात झाला तरी गाड्यांनी रेषेपर्यंत शर्यत करायची असे. २००३ पासून अपघातानंतर शर्यत हळू करण्याचा पिवळा इशारा दिला गेला त्या क्षणीची क्रमवारी गोठवली जाते. आजच्या नियमाने पाहायचे तर प्रश्न इशाऱ्याचे बटण कोणत्या क्षणी दाबले गेले यावर आला असता. घासण्याच्या क्षणी पेटी थोडा पुढे होता. मात्र क्रम गोठवल्यानंतरही गाडी स्वतःच्या बळावर चालती राहावी ही अपेक्षा असतेच, त्यामुळे अखेर पुन्हा चालू इंजिनाकडेच यावे लागते.

पेटीच्या बाबतीत एक नोंद राहते. तीन वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७९ रोजी, त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो आघाडीसाठी एकमेकांना घासत तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर गेले आणि दोन्ही गाड्या घसरून गवतावर येऊन थांबल्या. सुमारे अर्धी फेरी मागे असलेला रिचर्ड पेटी त्यांच्या बाजूने पुढे निघाला, डॅरेल वॉल्ट्रिप या चालकाला मागे ठेवत रेषेवर आला आणि त्याने सहाव्यांदा डेटोना ५०० जिंकली. या खेपेस गवतावर उभ्या असलेल्या गाड्या दुसऱ्यांच्या होत्या.